मागच्या दोराची गाठ

मी करते त्या छोट्या लाकडी जहाजांना कुणी 'छंद' म्हटलं की माझं डोकं फिरतं. दोन-दोन वर्षं डोळे फोडून एकेक जहाज करायचं, मोहरीएवढ्या चाकाच्या कप्प्यांतून केसाएवढा दोरा ओवायचा, आणि शेजारीण येऊन म्हणणार, "वा, छान वेळ जातो हो तुमचा!" वेळ घालवायला मी काय पत्ते कुटतेय?

तीस वर्षं मी कापडाच्या गोदामात पार्सलं बांधली. तिथला हात इथे कामी येतो. सहा जहाजं शिडांची केली. सातवं मात्र साधं मालवाहू, कुणी ढुंकून बघणार नाही असं. ज्या खऱ्या जहाजाची ती नक्कल, त्यावर माझा धाकटा भाऊ खलाशी होता. बावीस वर्षांपूर्वी ते बुडालं.

कसं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जीव वाचवायची होडी दोन दोरांवर टांगलेली असते, एक पुढे, एक मागे. दोन्ही बरोबरीने सोडले की होडी आडवी खाली जाते. त्या दिवशी पुढचा सुटला, मागचा सुटेना. होडी उभी लटकली आणि आतली नऊ माणसं पाण्यात पडली. मागच्या दोराशी माझा भाऊ होता. तोही गेला. वाचलेल्यांनी चौकशीत सांगितलं की मागचा दोर भलत्याच गाठीने बांधला होता. जहाजावर तशी गाठ कुणी बांधत नाही, ओढाल तशी ती आणखी आवळत जात होती, आणि बांधणारा तोच होता.

चौकशीची बातमी वाचली आणि मी ओळखलं. ती गाठ माझी होती. पार्सलची. मीच त्याला शिकवलेली. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि भावजयीला तर नाहीच नाही. तिच्याशिवाय मला उरलंय कोण? दवाखान्यात नर्स आहे ती. दर गुरुवारी दुपारी ड्यूटी संपली की येते, चपला काढता काढताच माझी खरडपट्टी सुरू करते. "वन्सं, औषध घेतलं का? खोटं बोलू नका, गोळ्या मोजीन." पहिल्या वर्षी तिने दोनदा विचारलं होतं, "यांना ती गाठ कुणी शिकवली असेल हो?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक! बंदरावर कुणीतरी." मग तिने विषय काढला नाही. कळलं असतं तर तिने माझं तोंड पाहिलं नसतं.

तर, हे सातवं जहाज पूर्ण होत आलं. शेवटी राहिली ती होडी. बाकीचे लोक गाठीवर गोंदाचा थेंब टाकून मोकळे होतात. मी नाही टाकत. माझ्या जहाजावर दोर ओढला की सरकला पाहिजे. दोऱ्याला मेण चोळलं, चिमट्याने दोन्ही दोर कप्प्यांतून घेतले आणि खुंट्यांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे दिले. जहाजावर असेच देतात, एका झटक्यात सुटावेत म्हणून. होडी छान सरळ टांगली गेली.

सकाळी बघते तर पुढचा दोर सुटलेला. होडी उभी लटकतेय. आणि मागच्या खुंटीवर पार्सलची गाठ.

मी सुईने ती उकलली, पुन्हा वेढे दिले. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी खोलीला कुलूप घातलं, किल्ली उशाखाली घेतली. पुन्हा तेच! मागचा दोरा हाताला ओलसर लागला. भीत भीत जिभेला लावला. खारट. मेण चोळलेला दोरा, खिडक्या बंद, आणि खारट! "काय हवंय रे तुला?" मी मोठ्याने ओरडले. होडी जहाजाच्या अंगावर आपटली. टक्. वारा नव्हता.

गुरुवारी भावजय आली. तिच्यादेखत बांधावं, ती असताना काय बिशाद आहे कुणाची, असं मला वाटलं. ती दिवा धरून शेजारी बसली. मी दोरा घेतला, आणि तिच्या नव्या डॉक्टरची गंमत ऐकत बांधत गेले. डॉक्टर स्वतःच इंजेक्शनला घाबरतो म्हणे. मी हसत होते.

"वन्सं," ती मध्येच थांबली, "हात बघा तुमचा."

मी पाहिलं. माझ्याच बोटांनी खुंटीवर पार्सलची गाठ मारली होती. तीस वर्षांची सवय. म्हणजे वेढे देतेय असं वाटत असताना रोज मीच ती मारत होते? असेन. पण पुढचा दोर मी कधीच सोडला नव्हता, देवाशप्पथ.

"चुकून झालं," मी घाईघाईने म्हटलं. "थांब, सोडते."

"नाही सुटायची ती." दिवा तिने टेबलावर ठेवला. "हे गेल्यावर यांचे इथे राहिलेले कपडे, पुस्तकं तुम्ही मला पार्सल करून पाठवलीत, आठवतंय? तीन खोकी. एकही गाठ सुटेना. कात्री घ्यावी लागली. कापताना कळलं मला. म्हणूनच तुम्हाला दोनदा विचारलं."

"म्हणजे बावीस वर्षं तुला माहीत होतं?"

"हो."

"मग येत का राहिलीस गं?"

"तुम्ही कधीतरी सांगाल म्हणून."

मला रडू फुटलं. मग सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा निघाला तेव्हा ट्रंकेला दोरी बांधत होता. दोनदा सुटली. मी वैतागले, पाठीत धपाटा घातला त्याच्या. म्हटलं, "बावळटा, अशी बांध. मेलास तरी सुटणार नाही." असंच म्हटलं मी. याच शब्दांत. आणि तो खो खो हसला होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, तोंड धुतलं, माझ्या संध्याकाळच्या गोळ्या काढून वाटीत ठेवल्या. दारात चपला घातल्या. माझ्या दंडावर क्षणभर हात ठेवला, रोग्याच्या ठेवतात तसा.

"जाते मी, वन्सं," ती म्हणाली.

घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतात. बावीस वर्षं तीही तेच म्हणत आली होती. अगं, येते म्हण, असं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ती जिना उतरून गेली होती.