मुठीचा काटा

मी एक जुना काटा आहे, बालमित्रांनो. वजनाचा नव्हे, मुठीचा. माझ्या दोन दांड्या मुठीत धरून दाबल्या की माझी सुई सरकते आणि हातात किती जोर आहे ते दाखवते. त्यापलीकडे मला काही कळत नाही, असं लोक समजतात. मीही आता त्यांच्याशी वाद घालायचं सोडून दिलं आहे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून माझी रवानगी एका व्यायामशाळेत झाली. ते माझे सुखाचे दिवस. संध्याकाळी तरुण मंडळी घाम पुसत यायची, दात-ओठ खाऊन मला दाबायची आणि सुई पुढे गेली की एकमेकांच्या पाठी थोपटायची. कौतुक त्यांचं व्हायचं, पण फुगायचो मी. पुढे लखलखत्या आकड्यांची नवी यंत्रं आली आणि मी अडगळीत पडलो. बरीच वर्षं धूळ खाल्ली. मग कुणीतरी मला उचललं आणि या सरकारी खोलीत आणून ठेवलं.

कामापायी शरीर निकामी झालेली माणसं इथे भत्ता मागायला येतात. कुणाची पाठ पोती उचलून गेलेली, कुणाच्या छातीत रंगाची वाफ बसलेली. बाकावर बसून बसून त्यांची अंगं आंबून जातात. त्यांना तपासणारे डॉक्टर तसे वाईट नाहीत, पण गर्दीपुढे त्यांना माणसाच्या तोंडाकडे बघायलाही सवड होत नाही. व्यायामशाळेत सुई पुढे गेली की माणूस जिंकायचा. इथे सुई पुढे गेली की तो धडधाकट ठरतो आणि हरतो. हा उलटा कारभार माझ्याच अंगवळणी पडायला फार वेळ लागला, तर पहिल्यांदा येणाऱ्याला तो कसा कळावा?

एके दिवशी एक बाई आणि तिची नणंद बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. नणंद तिला पुन्हा पुन्हा बजावत होती की दुखलं की लगेच सोड, तिथे मर्दुमकी गाजवू नकोस. बाई निमूटपणे हो हो म्हणत होती.

आत आल्यावर डॉक्टरांशी बोलली तीही नणंदच. बाई एका लाँड्रीत कामाला होती. इस्पितळाच्या ओल्या चादरी पिळून पिळून तिच्या मनगटांतल्या शिरा दबल्या होत्या. बोटं बधिर व्हायची, हातातला पेला सुटून पडायचा. भिजलेलं घोंगडं पिळायला इतरांना जोडीदार लागे, ही एकटी पिळायची, म्हणून लाँड्रीत तिला सगळे 'पैलवान' म्हणत. नवरा गेल्यापासून घर तिच्याच हातांवर चाललं होतं. तिच्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी तर सांगून ठेवलं होतं की आता पिळणं थांबवलं नाही तर हे हात कायमचे जातील. मालकानेही निर्वाणीचं कळवलं होतं: भत्ता मिळाला तर घरी बस, नाहीतर सोमवारी कामावर हजर हो.

डॉक्टरांनी मला तिच्या हातात दिलं. "धरा, आणि सगळा जोर लावा."

मित्रांनो, तिने खरंच सगळा लावला. सोड्याने चिरलेली ती बोटं माझ्याभोवती अशी आवळली गेली की सुई सरसर वर चढली. कितीतरी वर्षांनी मला कुणी असं दाबलं होतं. क्षणभर बाईचा चेहरा उजळला. नणंदेने कपाळावर हात मारून घेतला.

हात तर चांगलाच मजबूत आहे, असं म्हणत डॉक्टरांनी आकडा लिहिला. नणंदेने आणखी एकदा बघा म्हणून गयावया केली, तेव्हा ते कुरकुरत कबूल झाले. पण या वेळी ती बोटं मिटेचनात. सुई जागच्या जागी थरथरली आणि बसली. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता ही मुद्दाम दाबत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. असली सोंगं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"साहेब, पहिला जोर खरा होता," बाई म्हणाली. "आणि हासुद्धा खराच आहे. होता तेवढा पहिल्यातच गेला."

डॉक्टरांनी पुढच्या माणसासाठी घंटी वाजवली होती. पहिला आकडा त्यांनी धरला, दुसरा सोडून दिला. भत्ता नामंजूर झाला.

बाहेर बाकावर नणंद तिची बोटं चोळत बसली. रागही आला होता तिला आणि रडूही. "वहिनी, एवढं सांगितलं होतं तुला. आजच्या दिवस जरा कामचुकारपणा केला असतास तर?"

"कधी केलाच नाही गं," बाई म्हणाली. "आज एकदम कसा जमणार?"

सोमवारी ती चादरी पिळायला गेली असणार. मला मात्र अजून तिच्या मुठीचा विसर पडत नाही.

मित्रांनो, मी थकलो आहे. माझी सुईही आता अडखळते, माझे दिवस फार उरलेले नाहीत. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी इथल्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसेल, कुणी लाँड्रीचा मालक होईल. तेव्हा कष्टाच्या माणसाने जोर लावून दाखवला की लगेच घंटी वाजवू नका. थोडं थांबा आणि जोर संपल्यावर तो हात खाली कसा गळून पडतो ते बघा. मला ते मोजता येत नाही.