तिसरा टोला

बाभळीची ती वीतभर काठी, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेली, दुसऱ्या बाजूला मात्र अजून एक गाठ, तळहाताला टोचणारी... जयमाला ती गाठ अंगठ्याने चाचपत उभी होती आणि गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीतून सिंधूताईंची ज्वारी पीठ होऊन डब्यात उतरत होती.

दळण संपलं की पिशवीला तीन टोले. मालक वामनरावांनी कामावर ठेवताना एवढंच शिकवलं होतं. तिसऱ्या टोल्याला शिवणीत अडकलेलं पीठ सुटतं. ज्याचं त्याच्या डब्यात गेलं पाहिजे. नऊ वर्षं ती तीन टोले मारत आली. मग मेहकरातले डबे लहान झाले, दहा किलोची दळणं दोन-तीन किलोंवर आली, वामनरावांनी तिचं काम अर्ध्या दिवसावर आणलं, आणि तिचा नवरा गोकुळ, बांधकामं थांबल्यापासून रोज बसस्टँडवर कामाची वाट पाहून रिकामा परत येऊ लागला... या सगळ्यात तिसरा टोला नेमका कधी गळला, हे तिलाही आठवेना.

चोरी म्हणायची का याला? मी कुणाच्या डब्यात हात घातला नाही, नुसता आवरला. दुपारी गिरणी बंद करून पिशवी झटकली की ओंजळ-दोन ओंजळी पीठ निघायचं, गहू, ज्वारी, डाळ, सगळं एकत्र. "माय, आपली भाकर साऱ्याहून येगळी लागते वं," करिष्मा मिटक्या मारत म्हणायची, आणि लेकीसमोर बसलेली जयमाला आपली अर्धी भाकर तिच्या ताटात सरकवायची. लाज वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी हात दुसऱ्या टोल्यालाच थांबायचा.

सुरुवातीला तिने स्वतःपुरता नियम केला होता: मोठ्या डब्याला दोन, गरिबाला तीन. सिंधूताई एकट्या, चार घरची भांडी घासून पोट भरणाऱ्या, त्यांना तीनच. पण मोठे डबे येईनासे झाले, आणि मग... पोटाला नियम सांगायचा तरी किती दिवस.

ज्वारी संपली. एक. दोन. हात थांबला.

"राहू दे," सिंधूताई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "तिसरा नको मारू. पोरीले होईन."

"म्हणजे?"

"दोन महिन्यांपासून पाहून राह्यली मी. तोंड काऊन उतरवतं? मी आपल्या हातानं देऊन राह्यली, समज."

आणि डबा कडेवर घेऊन त्या उन्हात निघूनही गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! शिवी ऐकून घेता येते, पाया पडता येतं. हे काय करायचं? दोन महिने ही बाई उपाशीपोटी माझ्यावर दया करत होती, आणि मी समजत होते, कुणाला कळत नाही...

पुढचा डबा राजकुमारचा, खताच्या दुकानवाल्याचा. गहू. तिने तो यंत्रात ओतला आणि दळण संपताच पिशवीवर काठी चालवली, एक, दोन, तीन, चार, पाच... हा प्रामाणिकपणा नव्हता, राग होता, सिंधूताईंवरचा की स्वतःवरचा ते तिला माहीत नव्हतं. गाठ तळहातात रुतत होती आणि बरं वाटत होतं. पिशवी पार रिकामी झाली तेव्हाच ती थांबली.

तेव्हा तिला दिसलं. तांबूस कणकेवर पांढुरक्या पिठाचा पातळ थर. शिवणीत राहिलेली सिंधूताईंची मूठभर ज्वारी, करिष्मासाठी ठेवलेली, राजकुमारच्या डब्यात पडली होती.

"गव्हात हे काय पडलं, ताई?" राजकुमार वाकून पाहू लागला.

"ज्वारी."

"कोणाची?"

तिने काठी खाली ठेवली. तळहाताला गाठीचा लाल ठसा उमटला होता.

"माही," ती म्हणाली. आणि आपण खरं बोललो की खोटं, हे तिला काही केल्या कळेना.