खिडकीबाहेरची खुर्ची

मित्रांनो, मी घडीची लाकडी खुर्ची आहे, चांगलीच जुनी, आणि मला एक गोष्ट तुम्हाला कधीची सांगायचीये, पण शेडमध्ये ऐकायला कोण असतं? कुदळ, फावडं आणि हवा गेलेली सायकल. तर ऐका.

माझा जन्म डच मुलखात, ग्रोनिंगेन शहराच्या बाजूला एका सुतारशाळेत झाला. आम्ही खूप बहिणी होतो, सगळ्या एकसारख्या, आणि सगळ्यांना एकदमच गावच्या चर्चच्या सभागृहात नेलं. तिथे काय? प्रार्थना झाली की कॉफी, लग्न झालं की कॉफी, कुणी गेलं की त्याला पोचवून आल्यावर पुन्हा कॉफी. मग चर्चला येणारी माणसं कमी झाली, सभागृह विकलं, आणि आम्हाला दारात उभं केलं, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. मला रुलीने उचललं. ती तेव्हा गावच्या वाचनालयात काम करायची. "हिची पाठ सरळ आहे," म्हणाली. आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं.

रुलीने मला शेडमध्ये ठेवलं ते ठेवलंच. बाहेर काढायची फक्त वाढदिवसाला, कारण आमच्याकडे वाढदिवस म्हणजे खुर्च्यांचं वर्तुळ आणि घरातल्या खुर्च्या कधीच पुरत नाहीत. उशिरा येणारा माझ्या वाट्याला. आलेल्या माणसाने एका टोकापासून सुरू करायचं, हात मिळवायचा, गालावर तीन पापे, आणि अभिनंदन करायचं. ज्याचा वाढदिवस त्याचं तर झालंच, पण बाकी सगळ्यांचंही. "अभिनंदन, तुझ्या बहिणीचा वाढदिवस! अभिनंदन, तुमच्या शेजारणीचा वाढदिवस!" मधलं कुणी सुटलं तर वर्षभर बोलणी खायची.

मग ती साथ आली आणि माझं नशीबच उघडलं बघा! म्हणजे लोकांचं वाईट झालं, पण मी शेडमधून बाहेर आले. रुलीने मला बागेत, बैठकीच्या खिडकीखाली मांडलं. भेटायला येणारा बाहेर माझ्यावर बसायचा, रुली आत काचेमागे, आणि खिडकीची वरची फट उघडी ठेवून गप्पा. मारित, रुलीची मुलगी, दर रविवारी यायची. एकदा तिने पर्समधून अंगठ्याएवढा लोकरीचा मोजा काढला आणि काचेला लावला. रुलीने दोघींसाठी ओतलेली कॉफी एकटीनेच पिऊन टाकली, एक कप संपला की दुसरा, आणि मग म्हणाली, "अगं, तुला द्यायची राहिलीच!"

नंतर उन्हाळा आला आणि निर्बंध उठायला लागले.

"पुढच्या रविवारी आत यायचं हं," रुली फटीतून म्हणाली. "मास्क गेले, पाहुणे हवे तेवढे बोलवा म्हणतात. मी आख्खं वर्तुळ मांडणारे."

"आई, मी इथेच बसते ना."

"इथे? माझ्या वाढदिवसाला? पोटुशी पोरगी बाहेर बसवली म्हणतील लोक."

"म्हणू देत की."

"सुईण काय म्हणाली?"

"गर्दीत जपून राहा म्हणाली."

"ही काय गर्दी झाली? आपलीच तर माणसं."

"आपलीच माणसं गालाला गाल लावतात, आई."

फट बंद झाली, कडी जरा जास्तच जोरात लागली.

मारितचा नवरा वीत्से दोघांच्या सायकली धरून उभा होता. मारित माझ्यावरून उठेचना.

"मी वेडी झालेय का रे?"

"नाही गं."

"सगळं बंद होतं ना, तेव्हा मला एवढी भीती नव्हती. कारण सगळेच घाबरलेले होते. आता सगळे बाहेर पडले आणि जाताना आपापली भीती माझ्याकडे ठेवून गेले."

"दुसरी लस झाली की..."

"आणि तोवर?"

वीत्सेने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "मग जायलाच नको."

"गेल्या वर्षी तिने एकटीने केक खाल्ला, वीत्से. मी काचेतून बघत होते. या वर्षीही गेले नाही तर ती मला काही बोलणार नाही, तेच वाईट."

म्हणजे बघा मित्रांनो, आत गेली तर पोटातल्याची काळजी, नाही गेली तर आईचं मन मोडणार. मला काय, मी लाकूड. पण पेच होता खरा.

रविवारी सकाळीच रुली बाहेर आली, मला पुसलं आणि थेट आत नेलं. स्वतःच्या शेजारी मांडलं आणि माझ्यावर उशी ठेवली. उशी! माझ्यावर! "ही मारितची जागा," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "तिची पाठ दुखते, इथे कुणी बसायचं नाही." वर पताका, बशांमध्ये सफरचंदाचा केक, आणि पापे तर असे चालले होते की विचारू नका, दीड वर्षाची वसुली.

मारित दारात न जाता नेहमीसारखी बागेतून खिडकीकडे आली. तिथे मी नव्हते. गवतावर माझ्या पायांचे चार पिवळे डाग तेवढे होते. ती त्यांच्याकडे बघत उन्हात उभी राहिली.

तेवढ्यात रुलीचा भाऊ हार्म बाहेर धावला, हात पसरून. "अगं पोरी! पोट आहे की भोपळा!"

"मामा, थांबा."

"दोन्ही लशी झाल्यात माझ्या!"

"मामा, नको म्हणते ना!"

ती इतकी मागे सरली की पाठ भिंतीला लागली. आत सगळ्यांचे चमचे थांबले. हार्ममामा तसाच, हात पसरलेला. "दीड वर्ष घरात कोंडून घेतलं," तो आत येत म्हणाला, "आणि आता भाचीला माझा वास येतोय." कुणीतरी हसलं.

"आई, खुर्ची कुठेय?" मारितने फटीतून विचारलं.

"इथे, माझ्या शेजारी. उशीसुद्धा ठेवलीये. ये ना गं."

मारित दाराशी आली. माझ्या जागेवरून काचेचं दार समोरच दिसत होतं. तिने एक हात कडीवर ठेवला, एक पोटावर, ओठ घट्ट मिटले आणि श्वास धरला, पाण्यात उडी मारायच्या आधी धरतात तसा. वीत्से मागे उभा होता, त्याला तिची पाठच दिसत होती. रुलीला चेहरा दिसला.

"थांब," रुली म्हणाली. "आत येऊ नकोस."

आणि ती उठली, मला उशीसकट काखेत मारलं, बाहेर नेलं, खिडकीखाली मांडलं. परत आत गेली.

"मग ही मोकळी जागा?" हार्ममामाने विचारलं.

"मोकळी कुठेय? वर्तुळ इथून खिडकीबाहेर जातं आणि तिकडून आत येतं. येणाऱ्याने तिथेही थांबायचं. तू उभाच आहेस, तर तुझ्यापासून सुरू."

हार्ममामा काचेशी आला. पापे घ्यायला तोंड पुढे, आणि समोर काच! क्षणभर त्याला कळेना काय करावं. मग त्याने बोट वाकवलं आणि काचेवर वाजवलं, टक, टक, टक. "अभिनंदन, तुझ्या आईचा वाढदिवस!" एवढ्या जोरात, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"तुमचंही अभिनंदन मामा, तुमच्या बहिणीचा!" मारित ओरडली.

"आणि खबरदार, पोराला माझं नाक आलं तर!"

मग एकेक जण उठून काचेशी येऊन टकटक करून गेला. शेवटी रुली आली. तिने तीनदा वाजवलं. मी बाहेर आल्यापासून मारित माझ्या काठावर बसली होती, अर्धा भार पायांवर, कधीही उठून पळावं लागेल अशी. आता तिने पाठ टेकली आणि सगळा भार माझ्यावर सोडला. माझी फळी जरा वाजली.

पुढे मुलगी झाली, असं शेडमध्ये ऐकलं. नाकाचं काही कळलं नाही.

माझं तुमच्याकडे फार मागणं नाही, बिजागरीला वर्षातून एकदा तेल दिलंत तर बरं. पण मित्रांनो, नियम उठले म्हणून भीती त्याच दिवशी उठत नाही. कुणी म्हणालं, मी बाहेरच बसते, तर तिला आत ओढू नका, आणि बाहेर विसरूही नका. खुर्ची नेऊन द्या, आणि ती नीट टेकून बसेपर्यंत खिडकीपासून हलू नका.