एकाच बाजूची चूक

चार महिने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि ही बातमी माहीत नसलेलं घरात कुणी उरलं नव्हतं. सासूबाई रोज रात्री नऊला गरम दुधाचा पेला पुढे करायच्या. नणंद फोनवरून श्वास मोजायला शिकवायची. नवऱ्याने झोपायच्या खोलीतलं घड्याळ काढून हॉलमध्ये लावलं, दिव्याला निळा कागद चिकटवला आणि एवढं कर्तव्य पार पाडून दहा मिनिटांत स्वतः घोरायला लागला. साडेनऊनंतर सगळं घर मांजराच्या पावलांनी चालायचं. बारा वाजता दार बोटभर उघडायचं आणि सासूबाई कुजबुजायच्या, "लागली का गं?" लागत आलेली झोप मग तिथूनच माघारी फिरायची.

शिवाय प्रत्येकाला कारण हवं होतं. तिच्याकडे ते नव्हतं. काम आवडीचं होतं, नवरा सुतासारखा सरळ होता, तपासण्यांमध्ये आजार कसलाच निघाला नव्हता. कारण सापडलं की कळवते, असं ती सांगायची. त्यामुळे बाई काहीतरी लपवते आहे अशी ऐकणाऱ्याची खात्रीच पटायची.

डॉक्टरीणबाई तेवढ्या बऱ्या निघाल्या. त्यांनी कारण विचारलं नाही, नियम दिला. पलंगावर फक्त रात्री एक ते सकाळी सहा. मध्ये जाग आली तर वीस मिनिटं वाट बघायची, तरी झोप आली नाही तर उठून कामाला लागायचं. किती झोप झाली ते वहीत लिहायचं. तिला हे पटलं. जे मोजता येतं त्याच्याशी तिचं जमायचं.

तिचा धंदाच तो होता. दुकानांची, कारखान्यांची, औषधं बनवणाऱ्यांची वजनं तिच्या प्रयोगशाळेत प्रमाण वजनाशी ताडून बघायला यायची. जड लोखंडी वजनं जाड खोलीत जायची. एक किलोपर्यंतची चकचकीत, नाजूक वजनं तिच्या बारीक खोलीत. या खोलीला एकामागे एक दोन दारं होती आणि आतलं तापमान बारा महिने एकच. काचेच्या पेटीतला तराजू मिलिग्रॅमचा दहावा भागसुद्धा दाखवायचा. खोलीत कुणी शिंकलं तरी रुसायचा. तिथे बसून अकरा वर्षं ती दाखल्यांवर सही करत होती, आणि त्या सहीवर कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

त्या गुरुवारी साहेबांनी ठेवलं. गेल्या तीन आठवड्यांत तिने सात वजनं हलकी ठरवली होती. त्यांतली दोन मालकांनी दुसरीकडे तपासून घेतली. ती चोख निघाली. दोन तक्रारी टेबलावर होत्या. साहेब स्वभावाने मऊ. ते रागावले नाहीत, ओशाळल्यासारखं बोलले. झोप नाही म्हटल्यावर आकडा लिहिताना हात चुकणारच, त्यात कमीपणा कसला? सोमवारपासून थोडे दिवस नोंदणीच्या टेबलावर बसा, सह्या दुसरं कुणी करेल.

तिने फक्त विचारलं, "सोमवारपर्यंत खोली माझी ना?"

"तुमचीच. पण आता आराम करा हो, बाई."

आराम करायला ती खोलीत गेली आणि नोंदवही उघडून बसली. तासाभरात तिला जे दिसलं ते इतकं उघड होतं की आधी का बघितलं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला. सातही वजनं सकाळी अकराच्या आत तोललेली. सातही हलकी. दुपारी तोललेल्यांत एकही वाकडं नाही. झोप न झालेला माणूस चुकला तर कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. जड लिहील, हलकं लिहील, सकाळी चुकेल, जेवणानंतर तर नक्कीच चुकेल. ही चूक मात्र रोज एकाच बाजूला झुकत होती, आणि दुपारी सुट्टीवर जात होती. अशी शिस्तीची चूक पेंगणाऱ्या माणसाची नसते.

शुक्रवारी तिने किलोचं एक वजन घेतलं आणि साडेनवापासून दर पंधरा मिनिटांनी तेच तोललं. आकडा मुंगीच्या पावलांनी वर चढत गेला आणि एकच्या सुमारास आपल्या जागी येऊन बसला. म्हणजे सकाळी वजन कोमट होतं. कोमट वजनाभोवतीची हवा वर सरकते, तिच्या ओढीने पारडं किंचित उचललं जातं, आणि वजन आहे त्यापेक्षा हलकं दिसतं. पण रात्रभर याच खोलीत पडून असलेलं वजन कोमट झालं कशाने?

शनिवारी साडेचारला तिला जाग आली. वीस मिनिटं झाली, तशी ती उठून कपडे करू लागली. नवऱ्याने एक डोळा उघडला.

"कुठे?"

"कामावर."

"अगं, आत्ता? लोक काय म्हणतील?"

"लोक झोपलेत," ती म्हणाली, आणि चप्पल घालून बाहेर पडली.

पहारेकऱ्याने तिला आत सोडलं. आपल्या अंगाची ऊब खोलीत नको म्हणून ती बाहेरच्या बोळात, दाराच्या काचेशी स्टूल टाकून बसली. साडेसातला पैलवान आला. हा जाड खोलीतला माणूस, दिवसभर वीस वीस किलोंची लोखंडी वजनं उचलायचा आणि स्वतः काडीसारखा होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तो मागच्या दाराने आत शिरला. त्याने हातमोजे चढवले, त्या दिवशी तोलायचं किलोचं वजन त्याच्या डबीतून उचललं, तळहातावर घेतलं आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसायला लागला. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं, सावकाश, सगळीकडून. तीन-चार मिनिटं ते त्याच्या मुठीत होतं.

ती आत गेली. तो इतका दचकला की वजन निसटता निसटता वाचलं. त्याने ते छातीशी धरलं.

"घट्ट धरू नका, आणखी तापेल," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. तपासायला आलेली वजनं तोलण्याआधी पुसायचं काम आधी तिचं होतं. ती ते संध्याकाळी करायची, म्हणजे रात्रभरात वजन खोलीच्या तापमानाला यायचं. तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी हुकूम काढला: बाईंची झोप होत नाही, त्यांना लवकर घरी जाऊ द्या, पुसायचं काम पैलवानाने करावं. पैलवानाला संध्याकाळी बस गाठायची असायची, म्हणून तो सकाळी पुसायचा. त्याच्या वीस किलोच्या लोखंडाला हाताच्या उबेचं काही वाटत नाही. पुसलं की तोललं. आणि पुसणं संध्याकाळीच होत असणार असं तिने गृहीत धरलं होतं. एवढी मात्र तिची चूक होती, आणि ती तिने तिथेच कबूल केली.

"तुम्हाला त्रास नको म्हणून जास्तच निगुतीने पुसत होतो हो ताई," पैलवान रडवेला होऊन म्हणाला. "आता माझं काय करतील?"

"तुमचं नाव कुठे येणार नाही. हुकूम कागदावर आहे, आणि त्याखाली सही तुमची नाही."

सोमवारी तिने शुक्रवारच्या आकड्यांचा आलेख साहेबांपुढे ठेवला, आणि त्याच्याशेजारी त्यांचा हुकूम. उरलेली पाच वजनं तिने शनिवारी दुपारी पुन्हा तोलली होती, तीही चोख निघाली होती. साहेब स्वतः त्या बारीक खोलीतूनच बढती मिळून वर गेलेले. त्यांना समजवावं लागलं नाही. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. तुमच्या भल्यासाठीच केलं होतं, असं पुटपुटले. मग नोंदणीच्या टेबलाचं राहू द्या म्हणाले, आणि तरीही तब्येतीसाठी पंधरा दिवस रजा घ्यावी असं सुचवलं. दमलेल्या माणसावर विसंबून राहणं बरं दिसत नाही, असंही ओघात म्हणाले.

ती खुर्चीवरून उठली नाही.

"साहेब, मी झोपत नाही, हे खरं आहे. माझे आकडे चुकतात, हे खोटं आहे. ही दोन्ही पुन्हा एका वाक्यात घालू नका. मी दमले तर मी सांगेन. पुसण्याचं काम आजपासून परत माझं. त्या सातही जणांना चूक आपली होती असं पत्र जाईल, आणि त्यावर सही मी करेन."

"पत्र मी पाठवतो ना. तुम्ही कशाला वाईटपणा घेता?"

"हलकी म्हटलं ते माझ्या सहीने. चोख आहेत हेही माझ्याच सहीने जाईल."

साहेबांनी हुकुमावर आडवी रेघ मारली.

संध्याकाळी घरी तिने दिव्यावरचा निळा कागद सोलून काढला. दुधाचा पेला नवऱ्यापुढे सरकवला. त्याने तो मुकाट्याने पिऊन टाकला. मग ती सासूबाईंजवळ बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, "आई, रात्री दार उघडून बघायचं नाही. मी झोपले असेन तर जागी होईन, आणि जागी असेन तर तुम्हीही जाग्या राहाल."

"म्हणजे आम्ही आता काळजीही करायची नाही?"

"दिवसा करा."

"दिवसा तू घरी कुठे असतेस?" सासूबाई फणकारल्या. पण त्या रात्री त्यांनी टीव्ही मोठ्याने लावला, आणि तिच्या दाराकडे फिरकल्या नाहीत.

एकला ती पलंगावर गेली. झोप कधी लागली ते कळलं नाही. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर अंधार होता. वीस मिनिटं वाट पाहून ती उठली. हॉलमधला दिवा पूर्ण लावून टेबलाशी बसली आणि ऑफिसातून आणलेले सात छापील कागद पुढे ओढले. सातही पत्रं तिने एका बैठकीत लिहिली: चूक काय झाली, कशाने झाली, वजन चोख आहे. एकदा वाचली, पुन्हा आकडे ताडून पाहिले. खोडाखोड कुठे नव्हती.

मग तिने एकेक सही केली. त्यांच्या खोलीत नोंदीपुढे तारखेबरोबर वेळही घालायची पद्धत होती; पत्रावर ती कुणी घालत नसे. तिने मान वर करून घड्याळात पाहिलं आणि सातही ठिकाणी तारखेपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: पहाटे चार वाजून दहा मिनिटं.