दुसरा रेझिस्टर

वडिलांना कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा लेकीनं त्यांच्यासाठी घरीच कानयंत्र बनवलं. रेडिओ दुरुस्तीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण तेव्हा तिला घाई होती. ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालवणाऱ्या टोकाला, दोन रेझिस्टरमधून व्होल्टेज वाटून दिलं, की तो तापला तरी फारसा बिथरत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. तरी तिनं एकावरच भागवलं.

सकाळी यंत्र छान चालायचं. दुपारी उकाड्यात, खिशातली त्याची डबी तापली की आवाज फाटायचा. वडिलांना नीट ऐकू यायचं नाही आणि तिला वाटायचं, दोष त्यांचाच. "बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?" म्हणून ती खेकसायची. हळूहळू ते दुपारचे बोलेनासे झाले. मित्रांकडे पत्ते खेळायला जाणंही त्यांनी सोडून दिलं.

एकदा खिडकीतल्या उन्हात पडलेलं यंत्र तिनं सहज आपल्या कानाला लावलं आणि तिला फाटका, खरखरता आवाज ऐकू आला. तिनं लगेच दुसरा रेझिस्टर जोडला, ट्रान्झिस्टरच्या एमिटर या टोकालाही एक दिला आणि यंत्र पुन्हा उन्हात तापवून पाहिलं. आवाज स्वच्छ होता.

"बाबा, तुमच्या कानांचा काही दोष नव्हता. मीच यंत्र नीट केलं नव्हतं."

वडील ओशाळून म्हणाले, "मला कळत होतं गं, यंत्रातच काहीतरी बिघडलंय. पण तू आधीच दमलेली असतेस. विचारलं तर चिडशील, म्हणून गप्प बसलो. चुकलंच माझं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यांनी यंत्र कानाला लावलं आणि पत्ते खेळायला जायला म्हणून चपला शोधायला लागले. तिला मान वर करवेना.