मेलेला स्टिरिओ

माझ्या बाबांना वस्तू मेल्याचं जाहीर करायची हौस आहे. इस्त्री तापली नाही की "मेली." पंखा अडखळला की "मेला." तीन वर्षांपूर्वी मी दोन बॅगा घेऊन मन्सूरा शहरातल्या या घराच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं, "लग्न मेलं म्हणायचं," म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. लग्न मेलंच होतं, पण ते सांगायचा मान माझा होता.

त्यामुळे रमजान संपताच त्यांनी बैठकीतल्या स्टिरिओकडे बोट दाखवलं, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हे धूड पंचवीस वर्षं मेलेलं आहे," बाबा म्हणाले. "बकरी ईदला पाहुणे येतील. त्याआधी भंगारवाल्याला देऊन टाकतो."

"मी दुरुस्त करते," मी म्हटलं.

"तू?"

"मी."

"बरं. ईदच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत बोलला तर राहील. नाहीतर गाडीवर." मग आईकडे वळून, तिला नेहमीसारखी माझ्या नावानं हाक मारत, "ऐकलंस का, उम्म इनास? तुझी लेक आता मुडदे उठवणार."

आई स्वयंपाकघरात गेली. ती सहसा बोलत नाही.

मी पाणीपुरवठा कचेरीत कारकून आहे. तोवर हातात स्क्रू ड्रायव्हर धरला होता तो फक्त कपाटाची कडी घट्ट करायला. पण त्या दिवशी मला एकच कळत होतं, की या घरात बाबांनी मेलं म्हटलेलं काहीतरी एकदा तरी जिवंत झालं पाहिजे. निदान एक.

बाबांनी हा स्टिरिओ कुवेतला नोकरीला असताना आणला होता. चंदेरी तोंड, लाकडी पेटी, वजन अठरा किलो. बटण दाबलं की दिवे लागत, काटा हलत असे, आतून टक्‌ असा आवाज येई, आणि मग सरकारी कचेरीसारखी शांतता.

मोबाइलवर शिकवणाऱ्यांचा पहिला नियम असा, की उघडण्याआधी सगळ्याचे फोटो काढा आणि शेवटी सगळं जसंच्या तसं ठेवा. मी एकशे चाळीस फोटो काढले. प्रत्येक तारेचा, प्रत्येक खटक्याचा. शाळेतही मी अशीच होते, समास आखल्याशिवाय पान सुरू करायची नाही.

आत बोटभर धूळ आणि एक वाळलेलं झुरळ निघालं. आठ दिवस नुसती सफाई. मग कोणीतरी सांगितलं, की जुन्या यंत्रात कपॅसिटर आधी जातात, म्हणून रजा टाकून कैरोला गेले, बाब-अल-लूकला चार दुकानं पालथी घातली आणि चौतीस कपॅसिटर आणले. तीन चुकीचे निघाले. एक मी उलटा जोडला, तो फुटला आणि दोन दिवस घराला सडक्या मासळीचा वास येत होता. सोल्डरिंगचा डाग देताना उजव्या हाताची दोन बोटं भाजली. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते हे मला कळलं ते त्याला हात लागल्यावर. मी थेट सोफ्यावर जाऊन पडले.

"मेली का?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

जेवणाचं टेबल स्टिरिओनं अडवलं होतं, म्हणून आई खाली पेपर अंथरून फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, आणि भाकरी वाढायची. बाबा मांडी घालताना प्रत्येक वेळी कण्हायचे, मला ऐकू येईल असं.

त्यात बिल्डिंग. आमच्याकडे यंत्र उघडलेलं दिसलं, की जिन्यावरचा प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो. दुसऱ्या मजल्यावरचे लुत्फी तर फ्रिज दुरुस्त करतात, त्यामुळे ते मुख्य इंजिनिअर.

"सोपं आहे गं," ते चहा ओतून घेत म्हणाले. "ट्रान्झिस्टर बदल."

"कुठला?"

"सगळे."

ते गेले आणि मी सगळे बदलले. काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी तेच लुत्फी जिन्यात म्हणाले, "मी म्हटलंच होतं, ट्रान्झिस्टरचा दोष नाही." त्या माणसाच्या टकलावर डाग द्यायची इच्छा मला पहिल्यांदा तेव्हा झाली.

शुक्रवार उजाडला. फोटो समोर ठेवून मी एकेक तार, एकेक बटण जागच्या जागी नेलं. जे वर होतं ते वर, जे दाबलेलं होतं ते दाबलेलं. झाकण बसवलं. स्विच लावला. दिवे. काटा. टक्‌.

आणि काही नाही.

मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

"झालं समाधान?" बाबा नमाजाहून आले होते, चपला काढत म्हणाले. "मेलेल्याला मेलं म्हणायला शिक जरा." खाली भंगारवाल्याची हाळी ऐकू येताच ते बाल्कनीकडे निघाले.

आई स्वयंपाकघरातून आली. हाताला मुलुखियाच्या भाजीची पानं चिकटली होती. तिनं हात गाऊनला पुसला, स्टिरिओसमोर वाकली आणि दाबलेल्या बटणांपैकी एक सोडवलं.

घर हादरलं. रेडिओवर कोणी बाई कमी तेलात वांगी कशी तळावीत ते किंचाळून सांगत होत्या. बाबा बाल्कनीच्या दारात भिंतीला धरून उभे राहिले. आईनं आवाज कमी केला.

"ते टेपचं बटण आहे," ती म्हणाली. "आत असलं की फक्त टेप ऐकू येते. रेडिओ मुका होतो."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "दोन महिने, आई? माझी बोटं भाजली."

"तू या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सकाळी लवकर उठत होतीस. मी कशाला बोलू?"

बाबा पुढे आले. "टेप? टेप लावत कोण होतं?"

"मी."

"कसली?"

"तुमच्या. कुवेतहून कॅसेटवर बोलून पाठवायचात ना."

"मी तर शहाऐंशीला परत आलो."

"हो," आई म्हणाली. "त्यानंतरच जास्त ऐकायची. तुम्ही कामाला गेलात की. मग तुम्ही याला जोडलेला टेपरेकॉर्डर मेला म्हणून शेजारच्या पिशवीसकट देऊन टाकलात. कॅसेट पिशवीतच होत्या. त्याच संध्याकाळी यावर रेडिओ लावलात, तो बोलला नाही, तर तोही मेला म्हणालात. मला कोणी विचारलं नाही."

खालून भंगारवाल्यानं पुन्हा हाळी दिली. बाबा बाल्कनीचं दार लावून खुर्चीत बसले. मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही.

"काय असायचं त्यात?" त्यांनी विचारलं.

"विशेष काही नाही. माझी तब्येत विचारायचात."

बाबांनी स्टिरिओकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"का?" ते खेकसले. "काय झालंय तब्येतीला?"

"गुडघे दुखतात," आई म्हणाली. "वीस वर्षं झाली."