शिशाचं सील आणि मामांचा हात

मित्रांनो, बसवनगुडीत गांधीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली एक काळी मोटार उभी असते. धूळ बसली की येता-जाता तुम्ही तिच्या बॉनेटवर बोटानं नावं लिहिता. ती मी. लिहा बापडे, पण खिळ्यानं लिहू नका, एवढंच सांगणं आहे. आता मी म्हातारी झाले आणि म्हातारीला बोलायला बसवलं की ती लवकर उठत नाही. तरी आज मी स्वतःचं कौतुक सांगणार नाही. माझ्यासाठी वाढीव गॅरंटी घ्यावी की नाही, यावरून या घरात एकदा जे झालं ते सांगणार आहे.

माझा जन्म मद्रासच्या एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकला, चाकं बसवली, काळ्या रंगाचे हातावर हात दिले आणि होसूरच्या रस्त्यानं मला बेंगळूरला धाडून दिलं. त्या काळी मोटार हवी म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. कँटोन्मेंटमध्ये, ज्याला इथले जुने लोक अजून दंडू म्हणतात, तिथल्या एका मोटारपेढीत मी उभी होते. एकोणीसशे सत्तावन्नच्या दसऱ्याला विठोजीअण्णांनी मला घरी आणलं. पेढीनं माझी एक वर्षाची गॅरंटी दिली होती. पुढच्या दसऱ्यापर्यंत काही मोडलं तर ते बदलून देणार, असा तो करार होता.

विठोजीअण्णांचं चिकपेटेत रेशमी साड्यांचं दुकान होतं. घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी, दुकानात कानडी आणि राग आला की दोन्ही एकदम, अशी त्यांची भाषा. दुकानात गिऱ्हाइकाशी लोण्यासारखे बोलत, पण गाडीत बसले की कुणाचं ऐकत नसत, माझंही नाही. गिअर असा ओढत की माझे दात वाजत. त्यांच्या पत्नी सोयराबाई मागच्या सीटवर डोळे मिटून भवानीचं नाव घेत बसत. लेक कौशल्या पुढे बसे. कॉलेजात शास्त्र शिकणारी मुलगी ती, तिला माझ्या पोटात काय काय आहे याचं भारी कुतूहल.

आणि एक माणूस होता, सोयराबाईंचा धाकटा भाऊ कृष्णमूर्ती. कौशल्या त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणते. जवळच एका चिंचेखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, एक आवार, एक बाकडं आणि पान्यांची पेटी. दर रविवारी ते अक्काकडे येत, कॉफी घेत आणि माझं बॉनेट उघडण्याआधी त्यावर तळवा ठेवून विचारत, "काय गं, बरी आहेस ना?" मला उत्तर देता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते थोडं थांबत. मग कामाला लागत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना दिसण्यापेक्षा स्पर्श जास्त कळतो. नट पिळताना माणूस घाईत आहे का, रागात आहे का, हे आम्हाला लगेच समजतं. मामांच्या उजव्या हाताचा दाब माझ्या ओळखीचा होता. मी घरी आले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो बदलला. बोटं पान्यावर असत, पण त्यांना पाना लागत नसे. निसटला तर मामा डाव्या हातानं पकडत आणि इकडेतिकडे बघून घेत.

एका रविवारी आम्ही सगळे देवनहळ्ळीहून परत आलो. मी नुसती भट्टी झाले होते. मामा बॉनेटवर उजवा तळवा टेकून कौशल्याशी बोलत उभे राहिले. दुसरा कुणी असता तर हात झटकून ओरडला असता. मामा बोलतच राहिले. मग त्यांचं लक्ष गेलं, त्यांनी हात उचलून तळव्याकडे पाहिलं, फोड आला होता. त्यांनी तो हात खिशात घातला आणि पुन्हा हसून बोलायला लागले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मला जे कळलं होतं ते सांगायला माझ्याकडे एक भोंगा होता, आणि तोही दुसऱ्यानं वाजवला तरच वाजणारा.

दसऱ्याला थोडे दिवस उरले असताना मामांनी माझ्या ब्रेकचं काम केलं. ब्रेकच्या नळीचा एक नट पुरता आवळला गेला नाही. दोनच दिवसांनी विठोजीअण्णा कौशल्येला घेऊन टेकडीवरच्या दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, देवळाकडून उतरत होते. त्यांनी पाय दाबला आणि ब्रेक सरळ तळाला गेला. मी उतारावरून सुटले. पिंपळाच्या पारावर आदळले म्हणून थांबले, नाहीतर खाली भर रस्त्यात गेले असते. विठोजीअण्णांना काही झालं नाही. कौशल्येचं कपाळ काचेवर आपटलं, भुवईवर खोक पडली, टाके घालावे लागले.

मामा आले, माझ्याखाली शिरले, तो सैल नट बघितला आणि बराच वेळ तिथेच पडून राहिले. घरात कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. सोयराबाई म्हणाल्या, रस्ताच वाईट आहे. विठोजीअण्णा म्हणाले, मशीन आहे, व्हायचंच. सगळ्यांनी त्यांना इतकं सांभाळून घेतलं की झालं काय हे विचारायचंच राहिलं.

त्याच आठवड्यात पेढीचे जयतीर्थ घरी आले. सरळ मनाचा माणूस. ते कानडीत बोलले, मी तुम्हाला मराठीत सांगते. ते म्हणाले, "दसऱ्याला गॅरंटी संपते. आमची नवी सोय निघाली आहे, आणखी दोन वर्षं वाढवून मिळेल. काहीही बिघडलं तर आम्ही बघणार. अट एकच. इंजिनाच्या आणि ब्रेकच्या नटांना तार ओवून आम्ही शिशाचं सील लावतो, विजेच्या मीटरला असतं तसं. बाहेरच्या कुणी ते तोडलं तर गॅरंटी गेली."

"बाहेरच्या म्हणजे?" सोयराबाईंनी विचारलं.

जयतीर्थांनी कॉफीचा लोटा खाली ठेवला. "अक्का, आमच्या पेढीच्या कारखान्यातला नाही तो बाहेरचाच. तुमचा भाऊ असला तरी."

ते गेल्यावर नवरा-बायको माझ्याजवळच्या पायरीवर बसले. पैशाचा प्रश्न नव्हता, दुकान बरं चाललं होतं. प्रश्न वेगळाच होता.

"अहो, माझं लग्न झालं तेव्हा तो एवढासा होता," सोयराबाई म्हणाल्या. "आई-वडील नाहीत म्हणून मी त्याला कडेवर घेऊन या घरात आले. तुम्ही सील लावलंत की त्यानं रविवारी इथं यायचं कशाला? नुसती कॉफी प्यायला?"

"आणि पोरीचं कपाळ?" विठोजीअण्णा म्हणाले. "आज कपाळावर निभावलं, सोयरा. उद्या निभावेल कशावरून?"

दोघांचंही खरं होतं.

विठोजीअण्णा बाजारात कुणाला भ्यायचे नाहीत, पण मेव्हण्याच्या तोंडावर 'तू आता गाडीला हात लावू नकोस' म्हणणं त्यांच्यानं होईना. मग त्यांनी एक वाट काढली. त्या घरात अडलेल्या गोष्टीसाठी भवानीला कौल लावत. देवीच्या मूर्तीला शेवंतीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "खंडेनवमीला कौल लावू," ते म्हणाले. "देवी सांगेल ते खरं. मग त्यालाही वाईट वाटायला नको."

पण मित्रांनो, माणूस अडचणीतून सुटायला बघतो तेव्हा नेमकी जवळची गोष्ट विसरतो. खंडेनवमीला त्या घरात हत्यारांची पूजा होई आणि ज्याचा हात ज्या हत्यारावर चालतो, त्याचा कौल त्यानंच लावायचा, असा शिरस्ता होता. दुकानाच्या कात्रीचा विठोजीअण्णांनी, विळीचा सोयराबाईंनी. आणि माझा कौल मामांनी.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. मला धुवून पुसून झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. समोर चौरंगावर भवानीची पितळी मूर्ती, तिच्या पुढ्यात आजोबांची तलवार, कात्री, विळी आणि मामांची पान्यांची पेटी. मामा पांढरा सदरा घालून आले होते. पूजा झाली, कोहळा फुटला, आरती झाली. विठोजीअण्णा घसा साफ करत म्हणाले, "कृष्णा, एक गोष्ट मनात धरली आहे. कौल लाव."

मामांनी काय धरलं आहे म्हणून विचारलं नाही. ते पाटावर बसले. देवीचं काम डाव्या हातानं करायचं नसतं. त्यांनी उजव्या हातानं तबकातली पाकळी उचलली, ती पडली. पुन्हा उचलली. मूर्तीपर्यंत नेली आणि तिथं बोटांतून निसटली, आणि बोटं मात्र पाकळी धरल्यासारखी देवीच्या खांद्यावर टेकली. पाकळी खाली पडलेली आहे हे त्यांना कळलंच नाही. ते हात मागे घेऊन, देवीकडे बघत, कौलाची वाट पाहत बसले.

कौशल्या हळूच म्हणाली, "मामा, पाकळी खाली आहे."

मामांनी खाली पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं. मग विठोजीअण्णांना म्हणाले, "गॅरंटीचंच विचारत होता ना, दाजी? त्यासाठी देवीला कशाला त्रास. मी सांगतो, घ्या. या हाताला आता काही लागत नाही. उन्हाळ्यापासून नाही. पोरीचं कपाळ या हातानं फोडलंय."

"अरे मग सांगितलं का नाहीस?" सोयराबाई म्हणाल्या.

"काय सांगू अक्का? मनगटावर पांढरा चट्टा आहे. लोक त्याला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. सांगितलं असतं तर गाडीच काय, तुझ्या घराचा उंबरासुद्धा सुटला असता."

महारोग हे नाव त्यांनी घेतलं नाही, तरी ते अंगणात सगळ्यांना ऐकू आलं. शेजारच्या नीलाकाकू आरतीला आल्या होत्या, त्या दोन पावलं मागे सरल्या. सोयराबाई मात्र उठल्या, पाटाशी बसल्या आणि भावाचा तोच उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. किती तरी वेळ धरून बसल्या. मामा म्हणाले, "अक्का, तू धरलायस ते दिसतंय. लागत नाही." तेव्हा त्या रडल्या. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या सकाळी मला माझ्या लोखंडाचा काही उपयोग वाटला नाही.

दसरा झाल्यावर मीच त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तोच रोग आहे, पण त्यावर आता गोळ्या आहेत, नेमानं घेतल्या तर बरा होतो. गेलेला स्पर्श मात्र परत येणार नाही. आधी आला असता तर बोटांची जाणीव वाचली असती. सोयराबाईंनी भावाला मागच्या खोलीत राहायला आणलं आणि त्याचं ताट वेगळं मांडलं नाही. नीलाकाकू काही दिवस आल्या नाहीत, मग त्याही येऊ लागल्या.

जयतीर्थांनी येऊन माझ्या नटांना शिशाची सीलं लावली. खोटं कशाला सांगू, गॅरंटीनं आपलं काम चोख केलं. एकदा गिअर अडकला तो बिनतक्रार बदलून मिळाला. ब्रेक पुन्हा कधी दगा देऊन गेला नाही. पण पेढीच्या कारखान्यात मला क्रमांकानं हाक मारत आणि बॉनेट उघडण्याआधी कुणी थांबत नसे. मामा रविवारी माझ्याजवळ येऊन बसत, सील लावलेल्या नटांकडे बघत. हात मांडीवर ठेवलेले असत.

दोन वर्षांनी जयतीर्थ पुन्हा आले. "आणखी वाढवायची का?" त्यांनी विचारलं. विठोजीअण्णांनी बायकोकडे पाहिलं, पण उत्तर कौशल्येनं दिलं. "आता नको. मामा सांगतील, मी करीन."

"मुलीनं पाने धरायचे?" विठोजीअण्णा म्हणाले.

"कपाळ माझं फुटलं होतं ना, अण्णा? मग विश्वास ठेवायचा की नाही, ते मला ठरवू द्या."

विठोजीअण्णांनी तिच्या भुवईवरच्या व्रणाकडे पाहिलं आणि कानडीत म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. त्या रविवारी मामांनी डाव्या हातात पकड घेऊन शिशाची सीलं स्वतः कापली. तेव्हापासून मामा बाकड्यावर बसून सांगत, "स्वल्प आणखी आवळ. बस. आता मागून बघ." आणि कौशल्या नट पिळी. मामांचा जुना दाब मला तिच्या बोटांत पुन्हा भेटला. मामांची पेटी आता तिची आहे. खंडेनवमीला माझा कौलही तीच लावते.

आता मी फारशी चालत नाही. गॅरंटी केव्हाच संपली, गोळ्याही संपल्या, मामा बरे आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी मोटार येईल तेव्हा गॅरंटी जरूर घ्या, त्यात काही वाईट नाही. पण तुमच्यासाठी राबणारा एखादा हात अचानक चुकायला लागला, तर त्याला सांभाळून घेऊन गप्प बसू नका. तो हात हातात घ्या आणि काय होतंय ते विचारा. वेळेवर विचारा.

अजूनही रविवारी मामा काठी टेकत येतात, माझ्या बॉनेटवर तळवा ठेवतात आणि विचारतात, "काय गं, बरी आहेस ना?" दुपारचं ऊन छपराखाली आलेलं असतं, पत्रा पोळत असतो. ते उत्तराची वाट बघत थांबतात. मग कौशल्या घरातून येते, त्यांचा हात अलगद उचलते आणि म्हणते, "मामा, तापलंय."